सतरा शिक्के, एक अंगठा

१

पैज लावली नाग्यानं, पण शानपत केली रेणीनं.

रेणी म्हणजे माणिकराव पंतुलूची पोरगी. पंतुलू म्हणजे मास्तर, तेलुगूतून इकडं आलेला शब्द. बाप साऱ्या गावच्या पोरायले पाढे शिकवे, अन् घरची पोरगी दहावीत दोनदा आपटली. पण खोड्यायचा पेपर असता तर जिल्ह्यात पहिली आली असती. शाळेच्या घंटीची जीभ चिंधीनं कोणी बांधली? रेणीनं. सरपंचाच्या स्कूटरच्या सीटवर खाजकुयली कोणी चोळली? रेणीनं. अन् वरून त्याले खोबरेल तेल नेऊन द्यायलेही तीच गेली, दोन वेण्या समोर घेऊन, तोंड एवढंसं करून.

त्या साली, एक्याण्णवच्या मे महिन्यात, तिची आत्या घरी आली. इचोड्याच्या फाट्यावर आरटीसीच्या बसमधून उतरली ते दोन पेट्या पुस्तकं घेऊन, अन् लेकरू कडेवर घ्यावं तशी एक लांबुळकी लाकडी पेटी छातीशी धरून. आत्याचं नाव डॉक्टर जयवंताबाई. सुई टोचणारी डॉक्टर नाई, चित्रायची डॉक्टर. तेही चिन्यायच्या चित्रायची. तिकडं तीन-साडेतीनशे वर्षांमागं एक राज्य बुडालं, दुसरं आलं, त्या धामधुमीत जे लोक डोंगर अन् झोपड्या काढत बसले त्यायची. जिच्या मायनं जनमभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला, ती कलकत्त्याले जाऊन चिनी शिकली, लंडनले जाऊन पुस्तक लिहून आली.

पहिल्यांदा कळलं तवा लोक म्हणे, "चिनी चित्रं? म्हंजे कपबशीवरचे काय?" एक म्हातारा म्हणे, "बासष्टमदी त्यायनं आपल्यावर गोळ्या झाडल्या, अन् ही त्यायचे डोंगर मोजून राह्यली." आता मात्र बुद्धविहाराच्या गल्लीत कोणाही पोराले मार पडला, का बाप मारता मारता म्हणे, "जयवंताबाईकडं पाय जरा!"

हेच नाग्याले झोंबे. नाग्या म्हणजे शेजारचा नागनाथ, रेणीचा जोडीदार अन् चुगलखोर, दोन्ही.

"तुह्या आत्याच्या चित्रावर लाल लाल शिक्के काऊन हायेत वं?" खिडकीतून पाहून आल्यावर त्यानं विचारलं.

"पंचनामा असंल," रेणीनं ठोकून देलं. "ज्यानं ज्यानं पाह्यलं, त्यानं त्यानं शिक्का मारला."

"मंग तूबी पाह्यलं ना. तूबी मार."

"माह्याजवळ कुठं हाय शिक्का?"

"अंगठा तं हाय! दोनदा नापास, अंगठाछापच तू. मारून दाखव, नाई तं इचोड्याच्या बाजारात गाढवावर बसायचं, सगळ्यायसमोर."

"अन् मी मारला तर?"

"तं मी बसतो. उलटा."

गाढवावर उलटा बसलेला नाग्या रेणीच्या डोळ्यासमोर आला, अन् तिथंच तिची मती गेली. "लाव हात," म्हणाली. नाग्यानं टाळी देली.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी विहारात आत्याचा सत्कार होता. सारं घर तिकडं गेलं. रेणी पोट दुखते म्हणून राह्यली.

आत्याची खोली नवी होती, तिच्याच पगारातून बांधलेली. स्लॅब, हिरवा आइल पेंट, खिडकीले ओलं पोतं लटकवलेलं. बाहेर ऊन असं, की कुत्रे नालीत बसलेले. रेणीनं पेटी उघडली. आत चित्राची गुंडाळी. ते चित्र भिंतीवर टांगायचं नसते. टेबलावर ठेवून डाव्या हातानं उलगडत जायचं अन् उजव्या हातानं मागचं गुंडाळत जायचं. एका वखती हातभरच दिसते. आत्याले करताना पाहून पाहून रेणीले ते पाठ होतं.

खर्र. नदी आली. खर्र. लाकडी पूल. मंग चीडाची, सुईसारख्या पानायची झाडं, धुकं, अन् अगदी शेवटाकडं एक झोपडी, एका बाजूनं उघडी. झोपडीत चटई टाकलेली. चटईजवळ पाण्याचं भांडं. माणूस कोणी नाई. रेणीले वाटलं, आत्ताच कोणी उठून बाहेर गेलं असंल.

झोपडीच्या पुढं कोरा कागद, अन् त्यावर शिक्के. चौकोनी, गोल, शेंदरासारखे लाल. तिनं मोजले. सतरा. सतराव्याच्या बाजूले अंगठ्याएवढी जागा रिकामी. जशी राखूनच ठेवली.

शिक्क्याचा लाल मलम आत्याच्या चिनी डबीत होता. रेणीनं उजवा अंगठा त्यात बुडवला. त्या अंगठ्यावर तिरपी खूण होती, लहानपणी विळा लागला होता तवाची, बोटाचे कंगोरे मधोमध कापून गेलेली. तिनं अंगठा टेकवला.

कागद गार होता. एवढ्या उन्हात, पावसाळ्यातल्या भिंतीसारखा गार. अन् अंगठा उचलताना तिले असं वाटलं, की खालून कोणीतरी तेवढ्याच जोरानं अंगठा दाबून धरला हाय.

तिनं झटक्यानं हात काढला, स्वतःलेच हासली, अन् गुंडाळी वळली. खर्र, खर्र. शेवटी दांडा टक् करून बसला.

पेटी बंद केली. ती दाराजवळ पोचली तवा मागं पुन्हा टक् झालं.

३

सकाळी आत्या कामाले बसली. रेणी खोली झाडायच्या निमित्तानं आत शिरली. हासू ओठाखाली दाबलेलं. आता आत्या ओरडणार, आजा धावत येणार, माय झाडू घेणार. सारी जत्रा तिनं मनात मांडून ठेवली होती.

आत्याचे डोळे बारीक शिक्के वाचून वाचून अधू झाले होते. तिनं बाकीची गुंडाळी न पाहता भराभर सरकवली, फक्त शेवटचं टोक समोर घेतलं अन् भिंग धरलं. भिंग एकेका शिक्क्यावरून सरकत गेलं. सतराव्यावर थांबलं. पुढं गेलं. अंगठ्यावर आलं.

अन् आत्या हासली. लाडानं, जशी आपल्या लेकराकडं पाहून हासते.

"ये इकडं," म्हणाली. "पाहायचं हाय तुले? सतरा शिक्के अन् एक अंगठा. ह्या अंगठ्यानं मले डॉक्टर केलं, रेणे."

रेणीच्या हातातला झाडू तिथंच थांबला. "क... कवापासून हाय हा?"

"पहिल्यापासून. अडुसष्टमध्ये कलकत्त्याले माह्या गुरुजींच्या खोलीत मी ही गुंडाळी पाह्यली. चित्रकाराचं नाव नाही, म्हणून कोणी विचारत नव्हतं हिले; शेवटी गुरुजींनी मलेच देऊन टाकली. मोठमोठे पंडित म्हणत, हा लाल डाग हाय. मी म्हटलं, डाग कायचा, अंगठा हाय! माह्या घरात तीन पिढ्या अंगठेच पाह्यले मी. मी नाही ओळखणार तर कोण?" आत्याची मान ताठ झाली होती. "सतरा शिकलेल्या लोकायनं शिक्के मारले. पण ज्यानं चित्र काढलं, त्याले लिहिताच येत नव्हतं. त्यानं अंगठा मारला. हे जगात पहिल्यांदा मी लिहिलं. लोक म्हणाले, तुमच्यातल्या बाईनं चीन कायले घ्यावा, आपल्या लोकायबद्दल लिहा. मी म्हटलं, हे आपलेच लोक हायेत."

मंग तिनं पुस्तकायच्या पेटीतून एक जुनं मासिक काढलं. पिवळं पडलेलं, कडा कुरतडलेल्या. आत काळा-पांढरा फोटो, त्याखाली आत्याचं इंग्रजीत नाव, अन् साल. एकोणीसशे अडुसष्ट.

फोटोत सतरा शिक्के होते. अठरावा अंगठा. अन् अंगठ्यातून मधोमध गेलेली तिरपी खूण.

रेणीचा जन्म पंच्याहत्तरचा.

"ही खूण पाय," आत्या म्हणाली. "जखमेची हाय. कष्टाचा हात. ह्या खुणेवर मी चाळीस पानं लिहिली."

रेणीनं उजवा हात पाठीमागं लपवला.

४

आता रेणी काही भुताखेताले भिणारी नव्हती. पिंपळावरची हडळ म्हणून सगळ्या गल्लीले ज्यानं पळवलं होतं, ते पांढरं लुगडं तिचंच होतं. तिनं डोकं चालवलं. अंगठा पहिलेपासूनच असंल. आपण घाईत मोजलं. आपला अंगठा बरोब्बर त्याच्यावरच पडला असंल. खूण? दुनियेत काय एकीलेच विळा लागते?

बरोबर बसत होतं सारं. फक्त तिनं जागा रिकामी पाह्यली होती.

अंगठ्याचा लाल जाईना. साबण झालं, राख झाली, घासलेट झालं. उलट सकाळी जास्तच ओला दिसे.

ती नाग्याकडं गेली. "मारला मी अंगठा. कवा बसतो गाढवावर?"

नाग्या तिच्याकडं पाहतच राह्यला. "कायचा अंगठा?"

"आपली पैज!"

"कवा लागली पैज? मी तं चार दिवस नार्नूरले मामाकडं होतो. आत्ता आलो." पायात धूळ, हातात पिशवी. खरंच आत्ता आल्यासारखा.

लबाड हाय तो, रेणीनं मनाले सांगितलं. गाढवाले भ्यायला. पण घरी आली तं मायनं जेवाले ताटं मांडलेली. आजाचं, बाचं, आत्याचं, मायचं स्वतःचं.

"मां, अन् माहं?"

मायनं वर पाह्यलं. क्षणभर ती अशी पाहत राह्यली, जशी बाजारात कोणी अनोळखी बाई हाक मारते तवा पाहते. मंग म्हणाली, "अवं बाई! माह्या ध्यानातच नाई आलं." अन् पाचवं ताट घेतलं. हासली. पण ताट ठेवताना रेणीची जागा कोणती, हे ती डोळ्यानं शोधत होती.

दुपारी सारे आडवे झाले तवा रेणी चोरपावलानं आत्याच्या खोलीत गेली. ते मासिक पुन्हा पाहायचं होतं. अंगठा नाई, दुसरं काहीतरी तिच्या मनात टोचून राह्यलं होतं. तिनं पान उलटलं.

पुढच्या पानावर झोपडीचा फोटो होता. तेच चीड, तीच चटई, तेच भांडं. अन् चटईवर एक पोरगी बसलेली. पाठमोरी. दोन वेण्या.

रेणीनं पेटी उघडली, गुंडाळी काढली, झोपडीपर्यंत आणली. चटई रिकामी होती. रंग पुसलेला नाई, कागद खरवडलेला नाई. चटईच्या काड्या एकेक मोजता येत होत्या. फक्त बसणारी नव्हती.

खोलीत ओल्या लाकडाचा वास येऊन राह्यला होता. मे महिन्यात. तिले वाटलं, धुकं जरा हाललं. तिनं नीट पाह्यलं तवा ते हाललं नव्हतं. पण पाणी ठेवलं होतं त्या भांड्याची सावली आता दारापर्यंत आली होती, कोणाची तरी वाट पाहावी तशी.

५

त्या संध्याकाळी आत्यानं जेवताना सांगितलं. "परवा नागपूरहून सुधाकरराव येऊन राह्यले. जुने प्राध्यापक. वीस वर्षं झाली, ते म्हणतात माहं सारं थोतांड हाय. आता माहं मोठं पुस्तक निघते, तर छापणाऱ्यायनं त्यायलेच तपासाले धाडलं. त्यायनं हो म्हटलं तर पुस्तक निघंल."

"अन् नाई म्हटलं तं?" बापानं विचारलं.

"नाही कसं म्हणतील?" आत्या म्हणाली. "अंगठा हाय, अन् झोपडीतली पोरगी हाय. माह्या पुस्तकाचा सारा जीव त्यातच. ज्या पोरीनं अंगठा मारला, तिनंच स्वतःले झोपडीत काढलं. तोंड दाखवलं नाही, कारण तिचं तोंड कोणाले पाहायचंच नव्हतं."

रेणीनं लाल अंगठा मुठीत दडवला.

जेवणं झाल्यावर ती आजाजवळ जाऊन बसली. देवाजी आजा, आत्याचा बाप, आंगणात बाजेवर विडी ओढत होता. निजामाच्या वखती चावडीवरून लोकायले बोलावणी पोचवायचं त्याचं काम.

"आजा, पंचनाम्यावर अंगठा मारला तं काय होते?"

"काय होते म्हंजे? तू तिथं होती, असं झालं. मंग तलब येते. बोलावणं."

"खोटंच मारला असंल तं? मजाक म्हणून?"

"अंगठा काय मजाक समजते? चावडीवर नाव पुकारलं, माणूस 'हाजिर' म्हणाला, की तो चावडीचा झाला. मंग घरचे बसा बोंबलत."

"अन् हाजिर म्हटलंच नाई तं?"

आजानं विडी विझवली. "तं वाचला तो. पण ज्याची केस त्याच्या साक्षीवाचून अडली, त्याचं वाटोळं." मंग त्यानं तिच्याकडं मान वळवली, डोळे बारीक केले. "तू कोणाची वं? पंतुलूची काय?"

"आजा, मी रेणी!"

"हां, हां. रेणी," आजा म्हणाला, समजूत घातल्यासारखा. मंग आतल्या उजेडाकडं पाहत राह्यला, जिथं आत्या कागद तपासून राह्यली होती. "माह्या बापाचा अंगठा, माहा अंगठा, अन् माही लेक चिनी भाषेत सही करते. आता मरायले हरकत नाई मले."

६

सुधाकरराव दुपारी तीनला जीपमधून उतरले. पांढरे केस, पांढरा सफारी, कडक इस्त्री. आत्यानं निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसलं होतं, अन् तिची इस्त्री काही कमी नव्हती. बाप दाराशी, आजा खुर्चीवर, मायनं चहा आणलेला. खिडकीत अर्धी गल्ली, सगळ्यात पुढं नाग्या. रेणी चौकटीजवळ उभी. सकाळपासून तिच्याशी कोणी बोललं नव्हतं. पाणी मागितलं तं कोणी देलं नाई, अन् रागानंही नाई.

आत्यानं गुंडाळी उघडाले सुरुवात केली. खर्र. नदी. "इथून बोटीतून पळून आलेले लोक," ती सांगू लागली. आवाज असा, की खिडकीतली पोरंही गप झाली. पूल. चीड. धुकं. सुधाकररावाच्या मांडीवर ते जुनं मासिक उघडं होतं. ते एक नजर फोटोवर, एक नजर चित्रावर ठेवत होते.

खर्र. झोपडी आली.

"अन् ही," आत्या भिंग न उचलताच म्हणाली, "माही पोरगी."

सुधाकरराव वाकले.

"जयवंताबाई," ते म्हणाले, "झोपडी रिकामी आहे."

कोणीतरी खिडकीत खाकरलं. आत्यानं भिंग घेतलं. ते चटईवर धरलं, वर नेलं, पुन्हा खाली आणलं. सारी गल्ली तिच्या त्या हाताकडं पाहत होती.

"तुमच्या छापील फोटोत मुलगी आहे," सुधाकरराव हळूच म्हणाले, अन् त्यायच्या आवाजात वाईट वाटणं नव्हतं. "चित्रात नाही. म्हणजे एकतर हे ते चित्र नव्हे, नाहीतर तुम्ही फोटोत ती घुसवली. दोन्हींपैकी काय लिहू, तेवढं सांगा."

तेवीस वर्षं जिची मान ताठ होती, ती बाई खाली पाहून राह्यली. आजा खुर्चीतून उठू लागला अन् त्याले उठता येईना.

रेणीचा अंगठा ठणकत होता. खोलीभर ओल्या लाकडाचा वास, एवढा की डोळ्यात पाणी यावं. अन् कोणीच नाकाले हात लावत नव्हतं. जीपच्या इंजिनाचा आवाज, खिडकीतली कुजबूज, सारं दूर जाऊन राह्यलं होतं, जसं धुक्याच्या पलीकडून. फक्त गुंडाळीच्या दांड्याचा आवाज जवळ होता. कोणी हात न लावता तो जराजरा फिरत होता. टेबलावर नाई. तिच्या पाठीमागं.

पळ, तिचं डोकं म्हणालं. तुह्या बापानंही ओळखलं नाई तुले सकाळी. पळ, अन् तोंड उघडू नको.

तिनं आत्याच्या खाली गेलेल्या मानेकडं पाह्यलं.

"आत्या," चावडीवर हाजिर म्हणावं तशी ती म्हणाली, "तो अंगठा माहा हाय. म्या मारला."

"थांबा," सुधाकरराव म्हणाले. "थांबा जरा." त्यायनं आत्याच्या हातातून भिंग ओढूनच घेतलं. नाक कागदाले लागलं. "ही काय. इथेच तर आहे. दोन वेण्या... मला कशी दिसली नाही?" त्यायनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मी माफी मागतो, बाई. वीस वर्षांची मागतो."

आत्या वाकली. तिनं पाह्यलं. अन् मंग ती सरळ झाली, अशी सरळ, की खोलीचं छत तिले कमी पडलं असतं.

"तेवीस वर्षं बसून हाय ती तिथं," आत्या म्हणाली. "कुठं जाईल?"

खिडकीत टाळ्या पडल्या. नाग्या सगळ्यात जोरात वाजवत होता. बाप रडत होता अन् माय त्याले पदरानं पुसून देत होती. आजा पुन्हा पुन्हा म्हणे, माही लेक, माही लेक. रेणीलेही छाती भरून आली, कारण ह्या साऱ्याचं मूळ तीच होती, अन् गावात एकालेही ते ठाऊक नव्हतं.

एवढं मोठं कांड तिनं जनमात केलं नव्हतं. अन् जनमात पहिल्यांदा ती आपल्या तोंडानं कबूल करून राह्यली होती.

"आत्या, मीच मारला," ती पुन्हा म्हणाली. सगळे टेबलाकडं तोंड करून उभे होते. तिले फक्त त्यायच्या पाठी दिसत होत्या, अन् त्याही लहान होत चालल्या होत्या, अन् तिच्याखाली चटईच्या काड्या टोचून राह्यल्या होत्या. मंग तिनं सारा जीव लावून आवाज काढला.

"नाग्याची चूक नाई! मी मारला, मी! आत्या, इकडं पाय ना... रागव ना वं मले!"